घरशाळेचा वृत्तांत आणि आपली गावशाळा

शाळेला इमारत नाही, घंटा नाही, वर्ग नाहीत. मुले आपापल्या घरी शिकतात. आणि तरीही त्या शाळेचा मासिक वृत्तांत नेमाने निघतो, ही गोष्ट आपल्याकडील वाचकास प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. अमेरिकेत अशा घरशाळा गेली चार दशके आणि अधिक काळ चालत आल्या आहेत. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे पॅट माँटगोमेरी यांनी 1967 साली काढलेल्या 'क्लोनलारा' या छोट्या शाळेने 1979 साली घरी शिकणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र विभाग उघडला, हे त्यातील एक जुने उदाहरण. अशा शाळांच्या पत्रकांत परीक्षांचे निकाल क्वचितच आढळतात. आढळते ते असे: या महिन्यात मुले वस्तुसंग्रहालयात गेली, कोणा पालकाने सुतारकाम शिकविले, परसातील भाजीची वाटणी झाली, पुढील सहल अमुक दिवशी, ज्यांच्याकडे जादा पुस्तके असतील त्यांनी ती घेऊन यावी.

या बातम्या क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांत एक मोठी कबुली दडलेली आहे. शाळा सोडून घरी परतलेल्या माणसांनी पहिले काम कोणते केले? त्यांनी एकमेकांना शोधले, पत्रक काढले, महिन्याचा मेळावा भरविला. एकट्या घरात मूल वाढत नाही, त्याला समाज लागतो, हे त्यांना शाळा सोडल्यानंतर अधिकच उमगले.

या चळवळीचे एक प्रमुख प्रवर्तक जॉन होल्ट हे स्वतः शिक्षक होते. 1964 साली प्रसिद्ध झालेल्या 'हाऊ चिल्ड्रन फेल' या पुस्तकात त्यांनी वर्गातील आपली निरीक्षणे मांडली. मुले नापास होतात ती बुद्धी नसते म्हणून नव्हे, तर भीती, कंटाळा आणि गोंधळ यांमुळे, हा त्यांचा निष्कर्ष. 1971 साली इव्हान इलिच यांनी शाळा या संस्थेवरच प्रश्नचिन्ह उभे केले. शाळा सुधारेल ही होल्ट यांची आशा हळूहळू मावळत गेली आणि 1977 साली त्यांनी बोस्टनहून 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केले. त्याची पाने मुख्यतः पालकांच्या पत्रांनी भरत. 1985 साली होल्ट निवर्तले. नियतकालिक मात्र 2001 पर्यंत चालले. दूरदूर विखुरलेल्या कुटुंबांना त्याने एका समाजाचे रूप दिले.

होल्ट यांची तक्रार खोटी होती असे म्हणण्याचे धाडस आपण करू नये. छडी, घोकंपट्टी, मुलाच्या घरच्या बोलीची हेटाळणी, 'तुझ्या डोक्यात शिरायचे नाही' हा शेरा, हे सारे आपल्याकडील कष्टकऱ्यांच्या मुलांनी पिढ्यानपिढ्या सोसले आहे. घरशाळा म्हणजे सुखवस्तूंची चैन, एवढे म्हणून हा विषय झटकणे सोपे आहे. पण ते प्रामाणिकपणाचे नाही.

तथापि एक प्रश्न विचारावाच लागतो. घर ही शाळा होऊ शकते, हे खरे. पण कोणाचे घर? घरी शिकवायचे तर दिवसभर घरी राहणारे माणूस हवे, आणि ते बहुधा आईच असते. तिच्या या श्रमाचे मोल कोणी मोजत नाही. पुस्तके हवीत, उजेड हवा, बसायला कोपरा हवा. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची मोजणी मुकादम 'एक कोयता' अशी करतो. उचल घेतलेली, मुक्काम फडाशेजारच्या कोपीत, आणि थोरली मुलगी धाकट्याला सांभाळत बसलेली. तिच्यासाठी 'घरी शिकणे' या शब्दांचा अर्थ न शिकणे एवढाच होतो. 2020 च्या मार्च महिन्यात शाळांना टाळे लागले, तेव्हा साऱ्या देशातील घरे एका फटक्यात शाळा झाली. महाराष्ट्रात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने उपक्रम निघाला. ज्या घरात मोबाइल होता तेथे शिक्षण काही अंशी पोहोचले. ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तोही बाप कामावर घेऊन जाई, तेथे ते नावापुरतेच उरले. शाळेची सार्वजनिक भिंत पडली की मूल थेट आपल्या आईबापांच्या मिळकतीवर येऊन पडते, हा त्या काळाचा धडा आहे.

मग शाळा आणि घर यांतील दरी तशीच राहू द्यावी काय? मुळीच नाही. ती सांधण्याचा दुसरा मार्ग आपल्याच भूमीवर चोखाळला गेला आहे. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम आरंभिले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्याच 1945 साली त्याच परिसरात वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. पाड्यांवरील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा 'यांना शिक्षणाची गोडीच नाही' असा शेरा मारून या बाया स्वस्थ बसल्या नाहीत. मूल येत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात गेले पाहिजे, असे ठरले आणि अंगण बालवाडी जन्मास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे जेथे चरतात तेथे शिक्षिका जाई. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, बिया आणि पाने आली. अंगणात भरणारी शाळा आई पाही, आजी पाही, कामावरून परतणारा बापही क्षणभर थांबून पाही. शिक्षणाची वार्ता पाड्यात पोहोचविण्यास छापील पत्रकाची गरजच उरली नाही.

दोन्ही प्रयोगांत शाळा घरी आली. परंतु एकात मूल सार्वजनिक शाळेतून काढून घराच्या आत नेले गेले, तर दुसऱ्यात सार्वजनिक शाळाच घराच्या अंगणात उतरली. पहिला मार्ग ज्याला परवडेल त्याचा, दुसरा सर्वांचा. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द घरोघरी गेला. मात्र त्या अंगणवाडीचा भार वाहणाऱ्या सेविकेला सरकार आजही वेतन देत नाही, 'मानधन' देते. त्यासाठी महाराष्ट्रातील सेविका-मदतनिसांना 4 डिसेंबर 2023 पासून 52 दिवस संप करावा लागला. अंगणातील शाळेचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या गावशाळेकडे वळू. घरशाळेतील पालकांनी जो हक्क स्वतःच्या सवडीच्या बळावर मिळविला, तो कायद्याने आपल्याकडील मजुरालाही दिलेला आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत. समितीने महिन्यातून किमान एकदा बैठक घ्यावी, तिचे इतिवृत्त लिहावे आणि ते लोकांना पाहावयास खुले ठेवावे, असे केंद्राचे 2010 चे नियम सांगतात. म्हणजे मासिक वृत्तांत आपल्या कायद्यातही आहे! प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काय घडते, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. वही शिपायाबरोबर घरी येते, सही किंवा अंगठा उमटतो, आणि बैठक 'झालेली' असते.

ही निव्वळ कागदी बाब नाही. 2023 साली राज्य सरकारने वीसपर्यंत पट असलेल्या शाळांच्या जागी 'समूह शाळा' उभारण्याचा विचार पुढे आणला, तेव्हा अशा शाळांची संख्या 14 हजारांहून अधिक असल्याचे समोर आले. डोंगरातील वाडीची शाळा बंद झाली की मूल ओढा ओलांडून दूर जाते, किंवा जातच नाही. आणि मुलगी असेल तर बहुधा घरीच राहते. ज्या शाळेची समिती केवळ सहीपुरती आहे, ती बंद होताना कोण उभे राहणार? जिची खबर गावाला दरमहा मिळते, जिच्या बैठकीत आया तावातावाने भांडतात, तिला टाळे लावणे मात्र इतके सोपे नाही.

पालकांना वेळ कोठे आहे, असा आक्षेप येईल. आक्षेप खरा आहे. म्हणूनच बैठक त्यांच्या सवडीने व्हावी. ती सकाळी अकराला, मजुरी बुडवून, मुख्याध्यापकांच्या खोलीत का भरावी? संध्याकाळी, वस्तीवर, कोणाच्या तरी अंगणात ती का भरू नये? दरमहा एक हाती लिहिलेला कागद शाळेच्या फळ्यावर आणि चावडीवर लागावा. त्यात लिहावे: या महिन्यात किती दिवस गुरुजी जनगणना, निवडणूक वा इतर सरकारी कामांस जुंपले गेले, खिचडी कशी होती, कोणती मुले आईबापांबरोबर फडावर गेली आणि त्यांच्यामागे कोण गेले, कोणत्या मुलाने पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहिले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो बैठकीत मोठ्याने वाचावा, आणि तो मुलांनीच वाचावा.

गुरुजींना हा पहारा वाटेल, तर त्यांच्याशी आधी बोलले पाहिजे. रिक्त जागा आणि अशैक्षणिक कामे यांनी तेही पिचलेले आहेत. गावाला ही खबर असेल तर तक्रार करताना ते एकटे पडणार नाहीत.

घरी परतलेल्या त्या दूरच्या पालकांनी दाखवून दिले की शाळेला इमारत नसली तरी चालते. पण परस्परांची विचारपूस नसेल तर चालत नाही. आपल्याकडे इमारत आहे, कायदाही आहे. उणीव आहे ती विचारपुशीची, आणि ती भरून काढण्यास कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या महिन्याची बैठक प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावी घडवून आणावी, आणि तिचा वृत्तांत लिहून काढावा.