वेबसाइट स्पायरल बाइंड करून आणा

प्रॅक्टिकल परीक्षांचा हंगाम संपला की आमच्याकडे परीक्षकांच्या भत्त्यांबद्दलची पत्रे येतात. त्यावर लिहून आम्ही थकलो आणि भत्ते काही वाढले नाहीत. या वेळी मात्र पत्रांचा विषय वेगळा आहे. एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने वेब-निर्मिती या दोन क्रेडिटच्या कौशल्य-विषयासाठी परिपत्रक काढले. विद्यार्थ्याने तयार केलेल्या वेबसाइटच्या प्रत्येक पानाची रंगीत प्रत ए-फोर कागदावर, एकाच बाजूला छापून, स्पायरल बाइंड करून, विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्यासह सादर करावी. सोबत सीडी, दोन प्रतींत. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ऑनलाइन दुवा मूल्यमापनासाठी ग्राह्य धरला जाणार नाही.

हे वाचून ज्यांना हसू आले त्यांनी जरा थांबावे. जवळपास असेच नियम इतरत्रही चालू आहेत, फक्त तिथे ते कागदावर आलेले नाहीत. 'जर्नल पूर्ण करा' या नावाखाली आपणही तेच करून घेतो.

या छपाईतून नेमके काय हाती येते ते पाहू. चित्रपट-दूरचित्रवाणीच्या विद्यार्थिनीने आपल्या माहितीपटाचे पान बांधले. कागदावर माहितीपटाच्या जागी एक काळा चौकोन आणि मध्ये पांढरा त्रिकोण. दुसऱ्याचे स्पेशलायझेशन ध्वनी. त्याच्या पानावर चार क्लिप ऐकण्यासाठी ठेवल्या आहेत, कागदावर त्या चार करड्या पट्ट्या होतात. तिसऱ्याने एकच लांब पान केले आणि खाली सरकत जावे तसतशी लोकेशनची छायाचित्रे उलगडत जातील अशी रचना केली. प्रिंटरने ते पान सोयीस्कर जागी कापले, एका चेहऱ्याचे कपाळ सातव्या पानावर आणि हनुवटी आठव्यावर. मोबाइलवर पान कसे दिसते, हा या विषयातला अर्धा अभ्यास, त्याची छापील प्रत कुणी मागितलेलीच नाही. परीक्षकांनी अशा वह्यांना गुण दिले. कशाचे दिले हे त्यांनाच ठाऊक. मांडणी, स्वच्छता आणि अक्षर यांचे असावेत.

सीडीची कथा याहून करमणुकीची. विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह असण्याचे दिवस केव्हाच गेले. बाहेरून जोडायचा एक रायटर तीन विभागांत फिरतो आणि सबमिशनच्या आठवड्यात त्याच्यापुढे रांग लागते. एवढे करून ती सीडी परीक्षकाच्या मशीनवर उघडली, तर चित्रे गायब. कारण प्रत्येक चित्राचा पत्ता विद्यार्थ्याच्या सी ड्राइव्हवरच्या डेस्कटॉपचा आहे. त्याच्या मशीनवर सगळे व्यवस्थित दिसत होते, म्हणून त्याला चूक कळलीच नाही. पान सर्व्हरवर चढवून दुसऱ्याच्या फोनवर उघडले असते तर दोन मिनिटांत कळली असती. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलच्या नावाचे शेपूट कॅपिटल अक्षरांत असते, कोडमध्ये आपण ते स्मॉल लिहितो. लॅबमधल्या विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरला पडतो. हे धडे साइट लोकांसमोर गेल्यावरच शिकता येतात. तुम्ही साइट लोकांसमोर जाऊच देत नाही आणि वर विषयाला 'कौशल्यवर्धन' म्हणता.

परीक्षा विभागाचे म्हणणेही ऐकून घेऊ. दुवा दिला तर विद्यार्थी सबमिशननंतरही पान बदलत राहील, उद्या पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आला तर पुरावा काय दाखवायचा? शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर कागद नव्हे. गिटवर काम ठेवले की प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि परीक्षेच्या दिवशी काम कोणत्या टप्प्यावर होते ते परत काढता येते. त्या दिवशीच्या फोल्डरची झिप विभागाकडे जमा करून घ्या. सार्वजनिक पान असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची त्या दिवशीची प्रत जतन करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. आणि यातले काहीच जमत नसेल तर तोंडी परीक्षेच्या वेळी साइट पडद्यावर चालवून स्क्रीन रेकॉर्ड करा. आपण चलच्चित्राचे विभाग चालवतो, आपल्याला रेकॉर्डिंग जमत नाही असे सांगायची सोय नाही.

लॅबचे इतर हाल आम्ही ओझरते सांगतो, कारण ते सगळ्यांना पाठ आहेत. शिस्तीसाठी व्हिडिओच्या साइट बंद. मशीन रीस्टार्ट केले की सगळे पूर्ववत करणारे सॉफ्टवेअर चालू, त्यामुळे सकाळच्या बॅचचे काम दुपारी पुसलेले. होस्टिंगच्या दीड-दोन हजारांच्या खर्चाला लेखा विभाग तीन कोटेशने मागतो, आणि डोमेनचे दरवर्षीचे नूतनीकरण कोणत्या शीर्षाखाली टाकायचे हे ठरेपर्यंत डोमेनची मुदत संपते. एका प्राध्यापिकेने स्वतःच्या कार्डावरून पैसे भरले, बिलावर जीएसटी क्रमांक नाही म्हणून बिल परत आले. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला तीस तास धरतात. दोन क्रेडिटचे हे साठ तास असे जातात.

आता आपल्याच लोकांकडे वळू. चित्रपट शिकवणाऱ्या विभागांतून दर वर्षी एक प्रश्न येतो: आमच्या मुलांना एडिटर, कॅमेरामन व्हायचे आहे, त्यांना कोडिंग कशाला? प्रश्न विचारणारे सहसा तेच असतात ज्यांनी हा विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या गळ्यात मारलेला असतो.

कशाला ते सांगतो. विद्यार्थ्याने एमपीफोर एक्सपोर्ट केली, पानावर टाकली आणि प्रेक्षकाच्या मोबाइलवर चक्र फिरत राहिले. फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे मूव्ह अॅटम, फाइलच्या शेवटी राहिली होती. 'फास्ट स्टार्ट'ची खूण केली असती तर ती पुढे आली असती आणि चित्र लगेच सुरू झाले असते. एडिटरने हे जाणायचे नाही तर कुणी? प्रोरेसची एमओव्ही फाइल थेट पानावर ठेवणारे विद्यार्थी अजून भेटतात, क्रोम ती दाखवतच नाही. २०१८ मध्ये क्रोमने आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओ रोखले. साइट उघडताच पार्श्वसंगीत घुमेल, अशी रचना केलेल्या ध्वनीच्या विद्यार्थ्याची साइट मुकी उघडते आणि त्याला वाटते स्पीकर बिघडला. गिटहब पेजेसवर फुकट जागा मिळते, पण एक फाइल १०० एमबीच्या वर चालत नाही आणि सगळी साइट एक जीबीच्या आत बसवावी लागते. म्हणून कोणते दृश्य साइटवर, कोणते व्हिडिओ-सेवेवरून एम्बेड, स्टिल किती केबीची, थंबनेलसाठी कोणती फ्रेम, हे सगळे निर्णय घ्यावे लागतात. ते निर्णय एडिटिंगचेच आहेत. फक्त टेबल बदलले.

महोत्सवांकडे चित्रपट पाठवतानाही हेच. फिल्मफ्रीवेच्या अर्जात वेबसाइटचा रकाना आहे. बहुतेक विद्यार्थी तिथे इन्स्टाग्रामचा पत्ता लिहितात. प्रीमियरची अट असलेल्या महोत्सवासाठी पूर्ण चित्रपट उघडा ठेवता येत नाही, म्हणून साइटवर ट्रेलर, छापता येतील अशी स्टिल्स, चार ओळींचा सारांश, तंत्रज्ञांची नावे, आणि पासवर्डच्या मागे स्क्रीनर. ही रचना ज्याने एकदा स्वतःच्या हाताने केली त्याला प्रेस किट म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही.

आणि मराठीचे काय? टायटलसाठी जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर थेट पानावर चिकटवला की कचरा दिसतो. युनिकोडमध्ये आणला तरी एक गोष्ट राहते. तयार टेम्प्लेटच्या पहिल्याच ओळीत भाषा इंग्रजी लिहिलेली असते, ती कुणी बदलत नाही. तिथे मराठीची खूण, 'एमआर', घातली तर ज्या टंकांत मराठी वळणाचे ल आणि श स्वतंत्रपणे भरलेले असतात ते टंक आपली अक्षरे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाची येतात. अंध वाचकाचा स्क्रीन रीडरही हीच खूण पाहून आवाज निवडतो. दोन अक्षरांचे काम आहे. आमच्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांच्या मराठी साइटपैकी फार थोड्यांत ते केलेले दिसले.

वेब म्हणजे चित्रपटाची जाहिरात एवढीच समजूत असेल तर मुंबईतच पाहावे. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'पॅड डॉट मा'वर पूर्ण झालेल्या चित्रपटांपेक्षा कच्च्या चित्रीकरणाला जास्त जागा आहे. टाइमकोडला जोडून भाषणाची नोंद, टिपणे, नकाशे. मुंबईच्या 'कॅम्प'ने इतर संस्थांसोबत ते उभे केले. त्याच घराण्यातले 'इंडियनसिने डॉट मा' भारतीय चित्रपटांवरच्या अभ्यासासाठी उघडे आहे. पी. साईनाथ यांचे 'परी' हे संकेतस्थळ २०१४ पासून माहितीपट, छायाचित्रे आणि मजकूर मराठीसह अनेक भाषांत एकाच पानावर देते. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा २०१२ चा 'बेअर ७१' तर वेबसाइट म्हणूनच जन्मला, प्रेक्षक जंगलाच्या नकाशावर फिरत एका अस्वलिणीची गोष्ट ऐकतो. तो फ्लॅशमध्ये बांधला होता, म्हणून पुढे नव्याने बांधावा लागला. अॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केले आणि तशी कितीतरी कामे काळोखात गेली. याउलट १९९६ च्या 'स्पेस जॅम'ची साध्या एचटीएमएलमधली साइट आजही उघडते. आमच्याकडे आलेल्या एका अभ्यासक्रमाच्या प्रतीत मात्र तिसऱ्या घटकात फ्लॅश अॅनिमेशन तसेच बसलेले आहे, अंतर्गत दहा गुणांसह. अभ्यासमंडळाच्या सदस्यांनी ते कुठल्या मशीनवर करून पाहिले, हे कळले तर बरे होईल.

आम्हाला माहीत आहे की काही महाविद्यालयांच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आता वेबसाइटही मिळते. ठरावीक रक्कम द्या, नाव आणि फोटो द्या, छापील प्रत बाइंडिंगसह तयार. एकाच वर्गातल्या साइट एकाच साच्यातून निघतात, कुठे 'आमच्याविषयी'च्या पानावर लोरेम इप्सम तसेच राहते. जिथे परीक्षक कागदच पाहणार आहे तिथे विद्यार्थ्याने कागद विकत घेतला, यात त्याला दोष कसा द्यावा? दोष आपला. साइट उघडून 'हा मेन्यू मोबाइलवर का तुटतो, दुरुस्त करून दाखव' असे विचारले तर दुकान त्याच्या कामाला येणार नाही. पण ते विचारायला परीक्षकाला उत्तर येत असावे लागते.

सीडी आपल्याला आवडते याचे एक न बोललेले कारणही आहे. सीडी कुणी पाहत नाही. विद्यार्थ्याने लघुपटात हिंदी गाणे उचलून लावले, रस्त्यावरच्या माणसांना न विचारता चित्रित केले, हे सारे त्या चकतीत निवांत झोपते. वर्गात आणि परीक्षेत चालणारी शैक्षणिक सवलत सगळ्या जगासमोर ठेवलेल्या पानावर गृहीत धरता येत नाही. साइट उघडी करायची म्हटली की हक्क, संमतीपत्रे, श्रेयनामावली सगळे आधी नीट करावे लागते. हे काम शिक्षकाचे वाढते हे खरे. तेच काम विद्यार्थ्याला व्यवसायात पहिल्या दिवशी करावे लागणार आहे हेही खरे.

तेव्हा अभ्यासमंडळांवर असलेल्या वाचकांना विनंती नव्हे, आग्रह: पुढच्या बैठकीत छापील प्रतीचे कलम काढा आणि त्या जागी 'परीक्षेच्या दिवशी चालू असलेला पत्ता' हे शब्द घाला. परीक्षकाने तो पत्ता स्वतःच्या फोनवर, कॉलेजच्या वायफायवर नव्हे तर मोबाइल डेटावर उघडावा. बैठक होईपर्यंत थांबायची गरज नाही. अंतर्गत गुण आपल्या हातात आहेत, ते या सत्रापासूनच तसे द्या. आणि ज्यांनी स्वतःचे एकही पान आजवर प्रकाशित केलेले नाही अशा विभागप्रमुखांनी या सुट्टीत एक करावे. आपल्या विभागाच्या जुन्या लघुपटांची यादी, वर्ष, दिग्दर्शक, लांबी, एवढे पुरे. एका संध्याकाळचे काम आहे.

प्रत्येक विभागाने विद्यार्थ्यांच्या चालू साइटचे जास्तीत जास्त तीन पत्ते महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवावेत, आम्ही ते उघडून पाहू आणि बऱ्या-वाईट मतांसह छापू. पानावर विद्यार्थ्यांचे मोबाइल क्रमांक आणि घरचे पत्ते नसावेत. डोमेनची मुदत संपत आली असेल तर पाठवण्याआधी वाढवून घ्यावी. मागे आलेल्या पत्त्यांपैकी काहींवर आता लघुपटांऐवजी कर्जाच्या जाहिराती दिसतात.