ताटातलं डब्यात

मैत्रिणींनो, ताट वाढायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात. तोच स्वयंपाक डब्यात द्यायचा असला, की आपण ताट डब्यात कोंबत नाही. कप्प्यावर कप्पा रचतो. हे साधं शहाणपण गेल्या दिवाळीत मी संगणकासमोर बसल्यावर विसरले, आणि त्याचा ताप सहाजणींना झाला!

आमच्या आळीतल्या आम्ही सहाजणी फराळाच्या ऑर्डरी घेतो. म्हटलं, या खेपेस वेबसाइट करू या. शाळा माझी सकाळची, दुपार मोकळी. खटपट करून पान तयार केलं. डावीकडे पदार्थांची यादी, मध्ये फोटो, उजवीकडे दर आणि 'मागणी नोंदवा' हे बटण. ह्यांनीसुद्धा चष्मा लावून पाहिलं आणि "छान जमलंय" म्हणाले.

पण आठ दिवसांत मागण्या आल्या अवघ्या चार! बेसन, तूप, साखर भरून ठेवलेली. एकीने तर भिशीचे पैसे त्यात घातलेले. ती काही बोलली नाही, पण मला तिच्याकडे बघवेना. शेवटी आत्येबहिणीचा फोन आला, "अगं, लाडू दिसतात, पण मागवायचे कुठून?" तिने पान मोबाइलवर उघडलं होतं. अक्षरं मुंगीएवढी! चिमटीने मोठी करावीत, तर उजवीकडचं बटण स्क्रीनच्या बाहेर.

चूक माझीच होती. पानाची रुंदी मी 1200 पिक्सेल अशी पक्की बांधून टाकली होती. लॅपटॉपवर ती मावली. पण वेबपानाच्या हिशेबाने बऱ्याचशा फोनची रुंदी 360 ते 430 पिक्सेलच भरते. आता आपली गिऱ्हाइकं काय लॅपटॉप उघडून चकल्या मागवतात? ती बसमध्ये, ओट्यापाशी, हातातल्या फोनवर बघतात.

यावरचा उपाय काही नवा नाही, बरं का. ईथन मार्कॉट या अमेरिकन डिझायनरने 2010 मध्ये तो एका लेखात मांडला आणि त्याला 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव दिलं. पान एकच, पण स्क्रीन बघून ते आपली मांडणी बदलतं. तुम्ही पान करणार असाल किंवा कुणाकडून करून घेणार असाल, तर एवढं ध्यानात ठेवा:

1. पानाच्या सुरुवातीच्या भागात 'व्ह्यूपोर्ट'ची ओळ हवीच. 'या फोनची जेवढी रुंदी, तेवढीच पानाची धर' असं ती सांगते. ती नसली, की फोन सहसा पान सुमारे 980 पिक्सेल रुंद समजतो आणि आक्रसून दाखवतो. माझी मुंग्यांची अक्षरं त्यातलीच.

2. मापं टक्क्यांत द्या. फोटोला कमाल रुंदी 100 टक्के दिली, की तो आपल्या चौकटीबाहेर जात नाही.

3. आधी डबा भरा, मग ताट वाढा. म्हणजे फोनची मांडणी पहिल्यांदा, सगळं एकाखाली एक. पदार्थ, दर, लगेच बटण. मग 'मीडिया क्वेरी' लिहून रुंद स्क्रीनवर दोन-तीन रकाने करा. रकाने कुठे फोडायचे? ब्राउझरची खिडकी हळूहळू रुंद करा; जिथे पान विरळ, ओकंबोकं दिसेल, तिथे.

4. अक्षर 16 पिक्सेलपेक्षा बारीक नको. बटण निदान 48 पिक्सेल उंच ठेवा, म्हणजे सासूबाईंचं बोट शेजारच्या बटणावर पडणार नाही.

5. जागा नाही म्हणून फोनवरून दर किंवा पत्ता गाळू नका. डबा लहान असला, तरी आपण भाजी घरी ठेवतो का?

शेवटी खिडकी 320 पिक्सेलपर्यंत अरुंद करून पाहा. पान आडवं सरकवावं लागलं, तर काहीतरी अजून बाहेर लोंबतंय असं समजा. शिवाय घरातल्या जुन्या फोनवरही उघडा, आणि ज्याला काही ठाऊक नाही अशा कुणाला तरी "एक किलो लाडू मागव बघू" म्हणा. आपण मात्र गप्प बसायचं हं!

मी दोन दुपारी बसून सगळं बदललं. दिवाळीला सहाच दिवस उरले होते, तरी लाडू नि चकल्या संपल्या. अनारसे मात्र उरले, ते सहा घरांत वाटून खाल्ले. भिशीचे पैसे भाऊबीजेच्या आत परत गेले, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला.