शुश्रूषेच्या वर्षांतील गुणपत्रिका

घरातील ज्येष्ठांच्या दीर्घ आजारपणाचा हिशेब आपण औषधे, तपासण्या आणि रुग्णालयाची बिले यांत मांडतो. या हिशेबात एक खर्च बहुधा धरला जात नाही. तो म्हणजे घरातील महाविद्यालयीन मुलामुलींचे गुण. आजोबांना अर्धांगवायू होतो किंवा आजीचे खुब्याचे हाड मोडते. मग रात्रीची जागरणे, फिजिओथेरपीच्या वेळा आणि औषधांच्या दुकानाच्या फेऱ्या नातवंडांच्या वाट्याला येतात. वर्षअखेरीस एखादी एटीकेटी लागते आणि पदवी पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर येऊन थांबते.

यांपैकी काही मुलांना पुढे रुग्णालय व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावेसे वाटते. रुग्णालय त्यांनी आतून पाहिलेले असते, तेव्हा ही ओढ स्वाभाविक आहे. मात्र गुणपत्रिका हाती घेतली की त्यांचा धीर खचतो. घरातील ज्येष्ठही ‘माझ्यामुळे पोरीचे नुकसान झाले’ असे मनाशी म्हणत राहतात. आजचे हे सदर त्या दोघांसाठी आहे.

उंबरठा आणि त्यापुढील परीक्षा

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. पदवीचे गुण बहुतेक ठिकाणी उंबरठ्याचे काम करतात, तर निवड मुख्यतः इतर गोष्टींवर होते. आपल्याकडे व्यवस्थापनाच्या बहुसंख्य पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी पदवीला किमान 50 टक्के, तर राखीव प्रवर्गांसाठी 45 टक्के गुण लागतात. पुण्याच्या सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ सायन्सेसमधील रुग्णालय व्यवस्थापनाच्या एमबीएसाठी स्नॅप ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील रुग्णालय प्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा मार्ग आता सीयूईटी-पीजी या परीक्षेतून जातो. महाराष्ट्रातील इतर अनेक संस्थांचे एमबीएचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेवर होतात आणि तेथील गुणवत्ता यादी प्रामुख्याने सीईटीच्या गुणांवर लागते.

याचा अर्थ असा की 52 टक्के मिळवलेली मुलगी आणि 78 टक्के मिळवलेला मुलगा प्रवेशपरीक्षेच्या दारात जवळजवळ एकाच रांगेत उभे असतात. मुलाखतीत जुन्या गुणांविषयी विचारणा होऊ शकते, पण तेथवर पोहोचण्याची वाट त्या गुणांनी बंद होत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या काही ठिकाणी हा अभ्यासक्रम केवळ वैद्यकीय पदवीधरांसाठी असतो. अर्ज भरण्यापूर्वी हे अवश्य तपासावे.

टक्केवारी 50 च्या खाली असेल, तर मार्ग लांबतो. आपल्या विद्यापीठात श्रेणीसुधार परीक्षेची सोय आहे का, याची प्रथम चौकशी करावी. नसल्यास प्रथम नोकरी आणि लहान पदविका, व पुढे दुसरी पदवी, असा क्रम पत्करावा लागतो. ‘गुण कितीही असोत, प्रवेशाची हमी’ असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्या मध्यस्थांपासून मात्र दूर राहावे. संस्थेला एआयसीटीईची वा विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, आणि दूरस्थ अभ्यासक्रम असेल तर त्याला चालू वर्षाची परवानगी आहे का, हे त्या त्या यादीत स्वतः पाहावे.

परदेशी अर्ज करताना

अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या मनात एक गैरसमज असतो. तेथे पदवीच्या गुणांची सरासरी 4 पैकी मोजतात आणि अनेक विद्यापीठे किमान 3 ची अपेक्षा ठेवतात. आपली मुले 55 टक्क्यांना 25 ने भागून 2.2 हा आकडा काढतात आणि अर्जच करीत नाहीत. हा हिशेब चुकीचा आहे. भारतीय विद्यापीठांत गुणदान कडक असते, हे लक्षात घेऊनच वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्था गुणांचे मूल्यांकन करतात. तेव्हा अधिकृत मूल्यांकनापूर्वी निराश होऊ नये. काही विद्यापीठे शेवटच्या दोन वर्षांचे गुण स्वतंत्रपणे पाहतात. अभ्यासक्रमाला सीएएचएमई या संस्थेची मान्यता आहे का, हेही पाहावे. आरोग्यसेवा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणात तेथे ती महत्त्वाची मानली जाते.

गुण का घसरले, हे कसे सांगावे

अर्जासोबतच्या उद्देशपत्रात किंवा मुलाखतीत घसरलेल्या गुणांचा विषय टाळू नये. त्यावर पानभर लिहूही नये. तीन वाक्ये पुरतात : काय घडले, त्याचा परिणाम कोणत्या सत्रांवर झाला आणि नंतर काय बदलले. उदाहरणार्थ : ‘दुसऱ्या वर्षी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची सकाळ-संध्याकाळची शुश्रूषा माझ्याकडे होती. तिसऱ्या व चौथ्या सत्रात माझे गुण घसरले. पुढील वर्षी काकूंनी सकाळची जबाबदारी घेतली आणि शेवटच्या दोन्ही सत्रांत मी सर्व विषयांत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले.’

या तीन वाक्यांत तिसरे सर्वांत मोलाचे. परीक्षकाला सहानुभूती वाटेलही, परंतु ती पुरावा ठरत नाही. आज अभ्यास झेपेल याची खूण त्याला हवी असते. शेवटच्या सत्रांतील सुधारणा, प्रवेशपरीक्षेतील चांगले गुण, संख्याशास्त्र किंवा हिशेबाचा एखादा पूर्ण केलेला अभ्यासक्रम, रुग्णालयातील वर्षभराची नोकरी, यांपैकी काहीतरी दाखवता आले पाहिजे. गुण केवळ अभ्यासात मन नसल्याने घसरले असतील, तर तसेच सांगावे. आजीच्या आजाराची ढाल पुढे करू नये. मुलाखतीतील दोन प्रश्नांत ती गळून पडते.

आणखी एक पथ्य आहे. ज्यांच्या आजाराविषयी लिहायचे, त्यांची संमती आधी घ्यावी. आजोबांचे निदान ही आजोबांची खासगी बाब आहे. ते ‘आजाराचे नाव लिहू नकोस’ म्हणाले, तर ‘घरातील ज्येष्ठांचे गंभीर आजारपण’ एवढेही पुरेसे होते.

शुश्रूषेतून मिळालेले ज्ञान

शुश्रूषा करणाऱ्या मुलांजवळ एक ठेवा असतो, पण त्यांना तो ज्ञान म्हणून ओळखता येत नाही. एक साधे उदाहरण घ्या. डॉक्टर सकाळच्या फेरीत ‘आज घरी सोडू’ म्हणतात आणि रुग्ण घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण होते. असे का होते? न वापरलेली औषधे परत करायची असतात, प्रत्येक विभागाची नोंद अंतिम बिलात यायची असते, डिस्चार्ज कार्ड लिहून व्हायचे असते आणि विमा असेल तर टीपीएची अंतिम मंजुरी यायची असते. रोकडविरहित विम्यात ही अंतिम मंजुरी रुग्णालयाने कळविल्यापासून तीन तासांत मिळावी, असे विमा नियामक प्राधिकरणाने 2024 मध्ये सांगितले आहे. तरीही उशीर कुठे होतो, याचे निरीक्षण जिने तीनदा केले आहे, तिच्यापाशी या विद्याशाखेचा एक धडा आधीच तयार असतो.

शासकीय योजनेचेही तसेच आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. शिधापत्रिका, ओळखपत्र आणि मंजुरी यांचा मेळ तेथे कसा घातला जातो, कोणत्या कागदासाठी रुग्णाच्या नातलगांना परत घरी जावे लागते, हे पाहिलेली व्यक्ती रुग्णालयाचे प्रशासन पुस्तकाबाहेर शिकलेली असते.

‘मी आजीची सेवा केली’ एवढ्याने परीक्षकाला फारसे कळत नाही. ‘प्रवेशापासून डिस्चार्जपर्यंत आम्हांला तीच माहिती चार खिडक्यांवर द्यावी लागली, ती एकदाच घेण्याची व्यवस्था कशी करता येईल, हे मला शिकायचे आहे’ या वाक्यावरून मात्र उमेदवाराची दृष्टी दिसते. शक्य असल्यास अर्जापूर्वी सहा महिने ते वर्षभर रुग्णालयाच्या विमा कक्षात, बिलिंगमध्ये, नोंदी विभागात किंवा स्वागतकक्षात नोकरी करावी. पगार बेताचा असतो. पण तेथे रुग्णालयाची दुसरी बाजू दिसते आणि शिफारसपत्र देऊ शकणारा वरिष्ठही भेटतो. शिवाय जमाखर्च, कायदा आणि मनुष्यबळ यांचे हे काम आपल्याला मानवते का, याचा निर्णय शुल्क भरण्यापूर्वी होतो.

ज्येष्ठांनी काय करावे

आदरणीय ज्येष्ठांनो, आपल्या आजारपणाने नातवंडाचे गुण घसरले असतील, पण आजारी पडणे हा आपला अपराध नव्हे. अपराधी भावनेने आपणही खचता आणि मुलांवरही तिचे ओझे पडते. त्यापेक्षा आता त्यांना वेळ मिळवून द्यावा. परीक्षेच्या तयारीसाठी रोजचे सलग दोन-तीन तास ठरवावेत आणि त्या वेळेत आपली कामे दुसऱ्याकडे सोपवावीत. औषधे आठवड्याच्या डबीत आधीच भरून घ्यावीत. रुग्णालयाच्या तारखा भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहाव्यात. मुलांना, सुनांना, पुतण्यांना वार वाटून द्यावेत. शुश्रूषा एकाच व्यक्तीवर टाकणारे घर त्या व्यक्तीचे भविष्य खर्ची घालते. हे कुटुंबातील कर्त्या माणसाने स्पष्ट बोलून बदलले पाहिजे.

आपण आणखी एक साहाय्य करू शकता, जे कोणत्याही शिकवणीत मिळणार नाही. सायंकाळी नातवंडाला समोर बसवून सांगावे : रुग्णालयात कोणत्या क्षणी आपल्याला असहाय वाटले, कोणाचे बोलणे कळले नाही, चाकाच्या खुर्चीवर किती वेळ थांबावे लागले आणि कोणत्या परिचारिकेच्या एका वाक्याने धीर आला. उद्या त्याच्या हाती एखाद्या विभागाचा कारभार आला, तर खाटेवरून रुग्णालय कसे दिसते हे त्याला ठाऊक असेल. आपल्या रुग्णालयांना अशा व्यवस्थापकांची गरज आहे. त्यांच्यातील काहींच्या पदवीच्या गुणपत्रिकेवर 53 टक्के लिहिलेले असतील, तरी त्याने बिघडत नाही.