सुट्ट्यांत वेडंवाकडं नाणं आलं तर

वावर, जव्हार, मोखाड्याच्या मंडळींना एक विनंती आहे. वाण्याने दिलेल्या सुट्ट्यांत वेडंवाकडं नाणं दिसलं, तर 'लाख रुपये मिळतील' म्हणणाऱ्या मोबाईलवरच्या माणसाला फोन लावू नका. आधी नाणं उजेडात धरा.

टांकसाळीत धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात, त्यांची कड उचलतात आणि मग वर-खाली ठसे ठेवून चकती दाबतात. म्हणून खरी चूक तीनच जागी होते: चकतीत, ठशात किंवा दाबताना. बाकी सगळं टांकसाळीबाहेरचं. कुणी नाणं रुळावर ठेवलेलं असतं, कुणी हातोड्याने ठोकलेलं, कुणी कानस मारलेली असते. लोक हौसेने दाखवतात ती नाणी बहुधा याच जातीची निघतात.

नाण्यावर रेघ दिसली तर तिच्यावरून नख फिरवा. रेघ उंच लागली तर ठशालाच तडा गेला होता आणि दाबताना धातू त्या तड्यात शिरला. खोल लागली तर तो नुसता ओरखडा. एवढं एक कळलं तरी निम्मा घोळ मिटतो.

कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा नसेल तर तिथे पाहून भागत नाही, बरोबर समोरची कड पाहा. पट्टीत आधीच पडलेल्या भोकावर कापणी झाली की चकती अपुरी निघते. मग कड उचलताना समोरच्या बाजूलाही पुरेसा दाब बसत नाही आणि ती कड बहुधा पुसट राहते. समोरची कड ठसठशीत असेल तर कानशीचा संशय घ्या.

छाप एका बाजूला सरकून उरलेली चकती कोरी असेल, तर सोनाराच्या काट्यावर वजन करा. दहाचं नाणं साधारण 7.7 ग्रॅम भरतं. नुसती छाप सरकली असेल तर वजन पुरं भरतं. घासून कोरं केलेलं नाणं हलकं भरतं.

कधी एका बाजूला नेहमीची छाप आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी, खोलगट दिसते. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की पुढच्या चकतीवर असं उमटतं. ही चूक संग्राहकांना फार आवडते, म्हणून तिची नक्कलही होते. दोन नाणी शिकंजात दाबली की खोलगट छाप मिळते, पण मागची बाजू चेपलेली असते. तिथेच नक्कल पकडली जाते.

आणि जी चूकच नाही तिच्यामागे लागू नका. सालाखाली चौकट असेल तर नाणं मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. त्यात दुर्मिळ काही नाही. ₹ चिन्ह नसलेलं दहाचं नाणंही खोटं नव्हे. हे चिन्ह 2010 साली ठरलं आणि 2011 पासून नाण्यांवर आलं. ते नाणं बिनधास्त घ्या, बिनधास्त द्या.

खरंच चुकलेलं नाणं असेल तर चिंच-राखेने घासू नका, किंमत तिथेच जाते. पण हेही ऐका: छाप जराशी फिरली किंवा अक्षर पुसट आलं, एवढ्याचे कुणी फारसे पैसे देत नाही. डोळा बसवायचा असेल तर मोखाड्याहून त्र्यंबकमार्गे नाशिकला जाताना अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था लागते. 1980 साली ती सुरू झाली. तिथलं संग्रहालय पाहून या.

रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून जुन्या नाण्यांसाठी फी, कमिशन, कर मागणारे लोक आहेत. ऑगस्ट 2021 मध्ये बँकेनेच कळवलं की ती असले व्यवहार करत नाही आणि असे पैसे गोळा करायला तिने कुणालाही नेमलेलं नाही. नाणं विकत घेणारा आधी तुमच्याकडेच पैसे मागत असेल, तर तो चोर समजा. ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, ताबडतोब 1930 वर फोन करा.