गाडी बंद पडली की आधी टाकी बघा, पंप शेवटी

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. पण शेवटी विषय मालाचाच आहे.

आमची पिकअप जुनी आहे. साधा मेकॅनिकल डिझेल पंप, सेन्सर नाही की कॉम्प्युटर नाही. गेल्या हंगामात ६० क्रेट टोमॅटो भरून नारायणगावला निघालो. संगमनेर सोडलं, चंदनापुरीच्या घाटाला लागलो आणि गाडीनं दम टाकला. रेस दाबली तरी पिकअप घेईना, दोन झटके दिले आणि बंद. पंधरा-वीस मिनिटं उभी केली तर चालू झाली. दोन-तीन किलोमीटर गेली, परत तेच. अशी चार वेळा. मार्केटला पोचलो तेव्हा सकाळचे चांगले सौदे होऊन गेले होते. उरलेल्या भावात माल द्यावा लागला.

त्यानंतर मी जे केलं ते आपल्यातले बहुतेक जण करतात. फिल्टर बदलला, फरक नाही. कोणी म्हणालं नोझल गेलं, कोणी म्हणालं पंप बसला. पंप आणि नोझल खोलून काम करून घेतलं, १४ हजार गेले. पुढच्या खेपेला गाडी त्याच घाटात, जवळजवळ त्याच वळणावर बंद.

घरी आल्यावर चुलत्यांना सांगितलं. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना गाडी चालवत नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "विहिरीवरचा पंप पाणी सोडायला लागला तर तू आधी मोटार खोलतो का फूटव्हॉल्व बघतो?"

"फूटव्हॉल्व बघतो."

"मग इथं का नाही बघितला?"

दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली. आतल्या सक्शन पाइपाच्या जाळीला प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटलेला. गाडी जोर मागायची तेव्हा ओढ वाढायची आणि कागद जाळीवर गच्च बसायचा. गाडी उभी राहिली, ओढ थांबली की कागद सुटायचा. म्हणून वीस मिनिटांनी गाडी चालू. आणि तो कागद आला कुठून? आमच्याच डिझेलच्या कॅनमधून. कॅनचं झाकण ढिलं झालं म्हणून तोंडाला कागद लावून झाकण फिरवायची सवय आमचीच. दोष पंपाचा नव्हता आणि मिस्त्रीचाही नव्हता.

माझं स्पष्ट मत असं, की जुन्या डिझेल गाडीत इंधनाचा घोटाळा असेल तर तपास टाकीपासून सुरू करायचा आणि डिझेल ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं पुढं सरकायचं. टाकी, जाळी, नळी, फीड पंप, फिल्टर, मग मोठा पंप, आणि सगळ्यात शेवटी नोझल. आपण नेमकं उलटं करतो. महागाच्या टोकाकडून सुरुवात करतो.

आता कामाचं सांगतो.

आधी धूर बघा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल आत पोचतंय, पण नीट जळत नाही. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही. गाडी जोर सोडते आणि काळा धूर फेकते, तर डिझेल कमी पडत नाहीये. तिथं एअर फिल्टर आणि नोझल बघा.

मग टाकीचं झाकण. झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं, ते धुळीनं बुजतं. गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. फुस्स आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी सुरळीत झाली, तर दुखणं सापडलं. याला पैसा लागत नाही.

मग पाणी. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि थोडा वेळ ठेवा. पाणी खाली बसतं, डोळ्यांना दिसतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आत दव धरतं. कॅन पावसात उघडा राहिला तर विचारूच नका.

मग हवा. इथंच बहुतेक जण फसतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीची आहे. तिला चीर गेली तर डिझेल बाहेर गळेलच असं नाही, हवा आत जाते. नळी कोरडी दिसते म्हणून आपण तिला चांगली समजतो. आमच्या शेजाऱ्याची गाडी रोज सकाळी हातानं प्रायमर मारल्याशिवाय चालू होत नव्हती. रात्रभर हवा शिरून डिझेल मागं टाकीत उतरायचं. रबरी नळीचा तुकडा आणि दोन क्लिपा बदलल्या, सकाळची कटकट संपली. फिल्टरच्या बोल्टाखालचे तांब्याचे वायसरही तेच करतात. एकदा दाबले गेलेले वायसर परत वापरू नका. हवा दिसत नसेल तर फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा, बुडबुडे दिसतील.

आणि सगळ्यात चांगली परीक्षा कॅनची. स्वच्छ डिझेलचा कॅन फीड पंपापेक्षा उंचावर बांधा, टाकीकडून येणारी नळी काढून फीड पंपाला कॅनमधून डिझेल द्या आणि एअर काढून गाडी चालवून बघा. गाडी मस्त चालली तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच टप्प्यात आहे. तरीही बंद पडली तर पुढं बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. मी ते आधी केलं असतं तर १४ हजार वाचले असते.

गाडी अजिबातच चालू होत नसेल तर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर बघा. चावी फिरवल्यावर 'टक' आवाज यायला पाहिजे.

पंप कधी खराब नसतोच असं माझं म्हणणं नाही. रोटरी पंपाची गाडी थंड असताना लगेच चालू होते, तापल्यावर नाही, आणि पंपावर ओला फडका टाकला की परत चालू होते, तेव्हा पंप आतून झिजलेला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा खुशाल पंपवाल्याकडं जा. या पंपाला वंगण डिझेलचंच असतं. त्यात रॉकेल मिसळून पैसे वाचवणारे शेवटी पंपावर ते घालवतात.

दोन गोष्टी जिवाच्या. चालू इंजिनवर नोझलच्या पाइपाची गळती बोटानं चाचपू नका. तिथला दाब आपल्या फवारणी पंपाच्या कितीतरी पट असतो, डिझेल कातडीतून आत घुसतं. बाहेर टाचणीएवढं भोक दिसलं तरी लगेच दवाखाना गाठा. आणि नवी कॉमन रेल गाडी असेल तर पाइप सैल करून एअर काढायचा जुना उद्योग करूच नका.

मिस्त्री लोकांवर राग काढू नका, एवढंही सांगतो. आपण रात्री अकराला भरलेली गाडी घेऊन जातो आणि म्हणतो, "दादा, काहीही कर, पहाटे मार्केट गाठायचंय." त्याच्याकडं टाकी उतरवायला वेळ नसतो. जे पटकन बदलता येतं ते तो बदलतो. गाडी चढाला बंद पडते का सपाटीला, थंड असताना का तापल्यावर, किती वेळानं परत चालू होते, हे आपण त्याला सांगतच नाही. मीही सांगितलं नव्हतं.

आपल्या ग्रुपात कृषी सहायक आणि कृषी पदवीधर बरेच आहेत. ते आपल्याला कायम सांगतात, पान पिवळं दिसलं की लगेच फवारणी करू नका, आधी मुळी उकरून बघा. गाडीला तोच नियम लावायला आपल्याला काय हरकत आहे?

मी आता डॅशबोर्डात एक वही ठेवलीय. फिल्टर कधी बदलला, पाणी कधी काढलं, गाडी कुठं अडली, सगळं तारखेनं लिहितो. कॅनला नवीन झाकण घेतलंय आणि डिझेल ओतताना नरसाळ्यात बारीक जाळी ठेवतो. टोमॅटोची पहिली तोडणी आठवड्यावर आलीय. तुमच्या गाड्या भरायच्या आधी एकदा झाकण उघडून बघा आणि फिल्टरखालचं पाणी काढा. काय निघालं ते खाली लिहा.