काचेतली मशाल

आपण मशाल पाहिली ती मोर्चात. साहेबलोकांच्या दिवाणखान्यात ती काचेच्या कपाटात असते. खाली मखमल, वर दिवा. ती पेटत नाही. तिचा भाव पेटतो.

ऑलिम्पिकच्या मशाली जमवणारी एक जमात आहे जगभर. त्यांना विचारा, ही दौड कुठली? म्हणतील, प्राचीन ग्रीसची. साफ थाप! ऑलिम्पियाहून ज्योत पळवत न्यायची टूम 1936 ची, हिटलरच्या बर्लिनची. मशाली बनवल्या क्रुपने. क्रुप म्हंजे तोफा ओतणारा कारखाना. त्यानेच पुढे महायुद्धात औशवित्झचे कैदी राबवले. ज्योत ज्या वाटेने गेली त्या वाटेवरचे ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, ग्रीस 1941 पर्यंत हिटलरच्या बुटाखाली. आणि कलेक्टर काय बघतो? दांड्याला पोचा पडलाय का!

त्याच बर्लिनमध्ये जेसी ओवेन्स या काळ्या पोराने चार सुवर्णपदकं मारली. घरी आल्यावर पोटासाठी घोड्यांशी शर्यती लावल्या. 1980 ला मेला. 2013 साली त्याच्या एका पदकाला लिलावात 14 लाख डॉलरच्या वर बोली. माणूस जनावराच्या भावात, पदक राजवाड्याच्या भावात!

लांब कशाला जायचं? हेलसिंकी, 1952. तिथल्या मशाली अवघ्या 22, म्हणून लाखो युरोंना जातात. त्याच हेलसिंकीला गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना धाडायला वर्गणी काढावी लागली. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. खाशाबांनी कुस्तीत ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. 1984 ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मेल्यावर. 2017 साली घरच्यांना जाहीर करावं लागलं, कुस्ती अकादमीसाठी पदक लिलावात काढतो म्हणून.

मग जपूच नये काय? जपावं की! पण वस्तूशेजारी माणूस लिहावा. कुणी घडवली, कुणी धरली, कुणाचं घर गहाण पडलं. आणि ती चार लोकांना फुकट बघता आली पाहिजे. त्याशिवायचं जपणं म्हंजे सावकारी.

आता आपल्याकडे वळा. आपली पत्रकं, पोस्टरं, मोर्च्यांचे फोटो कुठायत? रद्दीत. उद्या तेच कुणी किलोवर उचलील, फ्रेम करील, बोली लावील. आपली पोरं काचेबाहेरून बघतील.

आज घरी जा. माळ्यावरची पेटी उतरवा. एकेका कागदामागे लिहा: कुणी छापलं, कुणी वाटलं, कुणी लाठी खाल्ली. भाव ते ठरवतील. नावं आपण लिहू.