खंडेनवमीचा यजमान कोण?

आश्विन शुद्ध नवमीचा दिवस उजाडला, की शेतकऱ्याच्या घरी नांगराचा फाळ, कोयते, खुरपी आणि कुऱ्हाड न्हाऊन-धुऊन पाटावर येतात. सुतार आपला रंधा व पटाशी पुजतो, शिंपी शिलाईच्या यंत्राला हार घालतो, आणि सांगली-मिरजेच्या व साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींतून एरवी रात्रंदिवस घरघरणारी यंत्रे त्या एका दिवसापुरती मौन धरतात. आदल्या दुपारपासूनच कामगार रॉकेलचे बोळे घेऊन लेथवरचा वर्षभराचा मळ काढू लागतात. सकाळी झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, दोन्ही अंगांस बांधलेले ऊस आणि लोखंडावर कुंकवाचे स्वस्तिक! कामगारांची मुले नवे कपडे घालून त्या दिवशी कारखान्यात येतात आणि ‘हे माझ्या बाबांचे यंत्र’ असे एकमेकांना अभिमानाने दाखवितात. आम्हांस विचाराल तर या सणाचे खरे दर्शन त्या मुलांच्या बोटात आहे.

परंतु पूजेला यजमान म्हणून कोण बसतो? बहुतेक ठिकाणी व्यवस्थापक बसतात. पाटावर ते, शेजारी त्यांच्या सौभाग्यवती. आणि ज्या हातांनी वर्षभर ते यंत्र चालविले ते हात मागे, भिंतीपाशी जोडलेले. दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांतून बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, तेथेही पुढच्या खुर्च्यांवर सारे मान्यवर असतात आणि तो अग्नी हंगामभर सांभाळणारा माणूस कोठे तरी खांबाआड उभा असतो. व्यवस्थापकाने पूजा करू नये असे आमचे म्हणणे नाही. पण वडीलकीचा मान घेणे आणि वडीलकी निभावणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरी शिकण्याची सोय आपल्याकडे फारच थोडी आहे.

यात आमचीही एक कसूर आहे, ती आधी सांगून टाकतो. पुष्कळ वर्षांपूर्वी या भागातील एका लहानशा यंत्रशाळेत आम्ही विभागप्रमुख होतो. हाताने उत्तम काम करीत होतो, म्हणूनच ती जागा मिळाली होती; आणि जागा मिळाल्यावरही आम्ही हातानेच काम करीत राहिलो. अवघड माप आले की, ‘सरक, मी बघतो’, हे आमचे ठरलेले वाक्य असे. माल नापास होत नसे, वरिष्ठ खूश असत, आणि आम्ही स्वतःला मोठे कर्तबगार समजत असू. आमच्या हाताखाली खानापूर तालुक्यातला एक पोऱ्या मदतनीस होता. यंत्र पुसणे, तेल घालणे, लोखंडाचा कीस उचलणे हे त्याचे काम. खंडेनवमीला सर्वांत सुंदर हार त्याच्या हातचा असे. एका दसऱ्याला त्याने आपट्याची पाने आमच्या हाती ठेवली, पायांवर डोके टेकविले आणि उठून म्हणाला, “सायेब, सा वर्सं मशिनीला हार घालतोय म्या. पण मशीन चालवाय कदी दिली न्हाई तुमी.” दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही.

त्याच्या आवाजात राग असता तर आम्ही कदाचित विसरलोही असतो. राग नव्हता.

या जिल्ह्यांत राहून अशी चूक करावी याची लाज आम्हांस अधिक वाटते, कारण माणसे घडविण्याचा वस्तुपाठ येथूनच हाकेच्या अंतरावर घडलेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीची पाळी त्यांची असता ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास मिळाली, आणि त्यांनी नोकरीस रामराम ठोकला. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीपायी ते नांगर आरंभी कोणी घेईना. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची निवडुंगाने माजलेली माळरानाची जमीन दिली आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली.

हा इतिहास घरोघरी ठाऊक आहे. आमचे लक्ष वेधते ते त्या माळावर जमलेल्या माणसांकडे. शाळेत यश न आलेले के. के. कुलकर्णी तेथे व्यवस्थापक झाले, कोठलीही अडचण निस्तरण्यासाठी त्यांच्याकडे धाव घ्यावी असे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंते झाले. मंगेशराव रेगे यांनी हिशेबाची बाजू सांभाळली. इतकेच काय, दरोड्याची शिक्षा झालेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले! विचार करा: किल्ल्या कोणाच्या हाती द्यावयाच्या, तर ज्यांच्यापासून किल्ल्या लपवावयाच्या त्यांच्या. आजच्या कोणत्या व्यवस्थापकाची ही छाती होईल? आमची तर साधे ड्रिलचे यंत्र एका पोराच्या हाती देण्याचीही झाली नाही.

स्वतःची बढती नाकारली गेलेला माणूस दोन मार्गांनी जाऊ शकतो. एक तर पुढे स्वतः वरच्या जागी बसल्यावर तो खालच्याची वाट अडवितो, किंवा ती मोकळी करून देतो. लक्ष्मणराव दुसऱ्या मार्गाने गेले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्यांच्या लोखंडाचे नांगर झाले, हीही गोष्ट खंडेनवमीच्या दिवशी आठवण्याजोगी आहे. तोफ वितळविण्यास भट्टी लागते. माणसाचा ओशाळलेपणा वितळविण्यास काय लागते ते किर्लोस्करवाडीने दाखविले.

त्याच किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेला एक तरुण पुढे साताऱ्यात आला, तो म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले तेथे एका पंगतीस बसत. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे हे सारे तीच पाळीपाळीने करीत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपल्या अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, आणि मुलांना जेवू घातले. सणासुदीला दागिने पेटीतून काढताना आमच्या भगिनींनी त्या माउलीची आठवण अवश्य करावी.

लोक भाऊरावांना शिक्षणमहर्षी म्हणतात आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र ते थोर व्यवस्थापकही वाटतात. बारा-चौदा वर्षांच्या पोरांच्या हाती कोठीघर देणे म्हणजे काय हे ज्याने संसार केला आहे त्यालाच कळेल. पीठ सांडणार, भाकरी करपणार, हिशेब चुकणार. ते सारे सोसण्याची तयारी त्यांच्यापाशी होती. त्याच वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले ते पुन्हा संस्थेच्याच कामाला, आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1959 साली कर्मवीर गेले. संस्था थांबली नाही, वाढतच गेली. जो गेल्यावर काम अडून बसते तो कर्तबगार असेल. नेता म्हणावयाचा तर त्याच्यामागे दुसरे उभे असावे लागतात.

आमच्या धर्मपरंपरेस हे नवे नाही. चाफळला श्रीरामाची स्थापना करणाऱ्या, सज्जनगडावर देह ठेवणाऱ्या समर्थांनी मठ उभारले आणि प्रत्येक मठ एकेका महंताच्या स्वाधीन केला. मिरजेचा मठ त्यांनी वेणाबाईंकडे सोपविला. बालविधवेने चारचौघांत उभे राहून कीर्तन करावे ही कल्पनाही ज्या काळास सोसत नव्हती, त्या काळातली ही गोष्ट! समर्थांच्या मागे कारभार दिवाकर गोसावी आणि अक्कास्वामी यांनी चालविला. ज्यांच्या घरी दासबोध नित्य वाचला जातो त्यांनी एकोणिसावा दशक उघडून पाहावा. दशकाचे नाव ‘शिकवण’, आणि आरंभ कशाने? लेखनक्रियेने. अक्षर कसे वळवावे, लेखणी व कागद कसे राखावेत, येथून. पुढे त्याच दशकात राजकारणाचाही विषय येतो; पण आधी अक्षर. माणूस मोठा करावयाचा तर त्याच्या हाताला आधी एक काम नीट येऊ द्यावे, हा क्रम आम्हांस मोठा शहाणपणाचा वाटतो.

आताशा व्यवस्थापकांना नेतृत्व शिकविण्यासाठी महाबळेश्वरी दोन-तीन दिवसांची शिबिरे भरतात. हवा उत्तम, जेवण त्याहून उत्तम. व्याख्याने ऐकून, खेळ खेळून मंडळी परत येतात. काही शिकत नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. पण सोमवारी सकाळी समोर कामगार उभा राहतो तेव्हा वहीत टिपलेले सारे कोठे जाते कोण जाणे. विशेषतः सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून किंवा कऱ्हाडच्या शासकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेला बाविशीचा तरुण आमच्या डोळ्यांपुढे येतो. त्याच्या हाताखाली वडिलांच्या वयाचा टर्नर असतो, आणि आवाजावरून हत्यार बोथटले की नाही हे त्याला कळते. या तरुणाला पहिल्या दिवशी हुकूम कसे द्यावेत याची चिंता पडते. त्याने खरे तर प्रश्न कसे विचारावेत याची चिंता करावी. ‘मामा, हे तुम्ही कसे करता, मला दाखवा,’ असे म्हटल्याने पदवीची किंमत कमी होत नाही. टर्नरमामांनाही आपल्या हातात केवढी विद्या आहे हे अनेकदा तेव्हाच प्रथम उमगते.

यावर आक्षेप येतो: सोपविलेले काम बिघडले तर जबाबदार कोण? उत्तर सरळ आहे. सोपविणारा. येथेच बहुतेक जण मागे सरतात. काम खाली द्यावयाचे आणि दोषही खालीच ढकलावयाचा, हा सौदा कामगार आठ दिवसांत ओळखतो आणि मग कोणतीही गोष्ट आपण होऊन करीत नाही. वरिष्ठांसमोर चूक आपल्या नावावर घ्यावी, आणि नंतर ज्याची चूक त्याच्याशी दार लावून बोलावे. अर्थात सोपविण्यालाही तारतम्य हवे. बॉयलरपाशी प्रमाणपत्र असलेलाच माणूस हवा, तो कायदाच आहे. वितळलेल्या लोखंडाशी प्रयोग करावयाचे नसतात. तोट्याला सीमा आहे असे काम आधी द्यावे, मध्ये दोनदा जाऊन पाहावे, आणि उरलेला वेळ तेथे उभे राहू नये. हे शेवटचे सर्वांत कठीण. पाय आपोआप तिकडे वळतात.

(घरातही निराळे काय असते? सणाच्या पुरणाचा अंदाज सुनेला यावा असे सासूबाईंना मनापासून वाटते, पण पातेल्यापाशी दुसरा हात आला की, ‘राहू दे, मी करते!’ वाचक भगिनी आम्हांस क्षमा करतील.)

तो पोऱ्या गेल्यानंतरच्या खंडेनवमीस आम्ही पाटावर बसलो नाही. आमच्या विभागातील सर्वांत जुन्या टर्नरला सपत्नीक बसविले. आचमन कसे करावे हे त्यांना येईना, हात थरथरत होते, गुरुजी दर वेळी हळूच सांगत होते. आम्ही भिंतीपाशी उभे होतो, आणि तेथून पूजा कशी दिसते ते आम्हांस प्रथमच कळले. दसऱ्यानंतर नव्या मदतनिसाला ड्रिलवर उभे केले. पहिल्या आठवड्यात त्याने दोन ड्रिल मोडली. हिशेब खात्याने लेखी खुलासा मागितला, तो आम्ही आमच्या सहीने दिला.

पहिला पोऱ्या आता पोऱ्या राहिलेला नाही. कुपवाडच्या वसाहतीत त्याची स्वतःची लहानशी यंत्रशाळा आहे, तीन लेथ आणि दोन ड्रिल. गेल्या खंडेनवमीला त्याने आग्रहाने बोलाविले म्हणून आम्ही गेलो. पूजा छान मांडली होती. पाटावर तो आणि त्याची पत्नी. प्रसाद देताना तो म्हणाला, “आताची पोरं कामाची न्हाईत सायेब. बारीकसारीक सगळं मलाच बगावं लागतंय.” त्याच्यामागे, ड्रिलच्या यंत्रापाशी, एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा हातात फडके घेऊन उभा होता. त्याच्या बोटांना कुंकू लागलेले होते. त्या यंत्रावरचा हार कोणी केला, असे आम्ही विचारले.